शाई भरायला सिरिंज पाहिजे म्हटलं की फार्मसीवाले कसे बघतात

"कोणाक जाय?" म्हणजे कुणाला पाहिजे.

मी म्हटलं, पेनाला.

काउंटरवरच्या मुलाने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या काखेतल्या पिशवीकडे, मग परत माझ्याकडे. "चीट आसा? चीट ना जाल्यार मेळचें ना." डॉक्टरची चिठ्ठी नसेल तर मिळणार नाही. संपला विषय. पणजीत अठरा जून रस्ता, सकाळचे अकरा, पिशवीत आठवीच्या सहामाहीचे पेपर, वय वर्षं त्रेचाळीस, डोळ्यांवर चष्मा, आणि माझ्यामागे उभे असलेले एक काका हळूच एक पाऊल लांब सरकले, शप्पत सांगते.

पुढच्या दुकानात "स्टॉक ना", आणि खोकं त्याच्या डोक्यामागे फळीवर दिसत होतं. तिसरा म्हणाला शंभराचा बॉक्स देतो, सुटी नाही देत. शंभर सिरिंज घेऊन मी काय करू, लसीकरणाचं शिबिर घेऊ?

शेवटी काम झालं ते फोंड्यात, माझ्याच घरापासून दहा मिनिटांवर, वरच्या बाजाराकडच्या एका छोट्या फार्मसीत. त्या दुकानाचं कौतुक करायचंय आणि गेल्या आठ महिन्यांत चार-पाच तऱ्हेच्या सुया-सिरिंजा वापरून जे कळलं ते सांगायचंय, म्हणून हा रिव्ह्यू. दुकानाचं नाव लिहीत नाही, दुकान चालवणाऱ्या बाईंनीच नको म्हटलं, त्यांना उगाच गर्दी नको आहे.

आधी पेनाचं सांगते. माझी नणंद जर्मनीला असते, तिने मागच्या चतुर्थीला येताना लामी सफारी हे शाईचं पेन आणलं, पिवळंधमक. हे पेन १९८० पासून बनतंय म्हणे, हायडेलबर्गला. शाळकरी मुलांसाठी म्हणूनच काढलेलं, त्यामुळे बोटं कुठे धरायची तिथे खाच आहे. अंगावर एक लांबट खिडकी असते, त्यातून आतली शाई किती उरली ते दिसतं. सोबत एकच निळी कार्ट्रिज, म्हणजे शाई भरलेली प्लॅस्टिकची नळी. मी रोज पानंच्या पानं लिहिते, फळ्यावरचं वहीत उतरवते, शेरे मारते, पंधरा दिवसांत कार्ट्रिज रिकामी. आता ही लामीची टी-टेन कार्ट्रिज दुसऱ्या पेनांत बसत नाही आणि दुसऱ्यांची हिच्यात बसत नाही, आणि आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात मागितली तर पार्करची काढून दाखवतात. ऑनलाईन मिळते, पाचाचं पाकीट, पण किंमत बघितली आणि कॅमलच्या दौतीची किंमत बघितली आणि म्हटलं आपण काय येडे आहोत का. दौतीत ६० मिलि शाई, कार्ट्रिजमध्ये साधारण सव्वा मिलि मावते, म्हणजे सांडलवंड धरूनसुद्धा पंचेचाळीसएक वेळा भरून होईल. पावणेदोन वर्षं बघायला नको.

कन्व्हर्टर (कार्ट्रिजच्या जागी बसणारी, दौतीतून शाई ओढून घेणारी नळी) घे की, असं सांगणारे शाळेत दोघं भेटले. घेते ना, पण त्यात कार्ट्रिजपेक्षा शाई कमी मावते, आणि भरताना निब दौतीत बुडवायची मग ती पुसायची मग बोटं पुसायची, आणि दौत अर्ध्याच्या खाली गेली की निब पुरती बुडतच नाही, दौत तिरकी धरून कसरत. सिरिंजला दौतीच्या तळातला शेवटचा थेंबसुद्धा मिळतो. लहानपणी आम्ही ड्रॉपरने भरायचो तसंच हे, फक्त कार्ट्रिजचं तोंड इतकं बारीक की ड्रॉपरने निम्मी शाई बाहेर.

पहिला प्रयोग मी घरातच केला, आणि तो फसला. सासूबाईंना डायबिटीस आहे, त्यांच्या इन्शुलिनच्या सिरिंज फ्रिजच्या दारात असतात, लाल टोपीच्या, ४० युनिटवाल्या. त्यातली एक उचलली. तिची सुई केसासारखी बारीक, सिरिंजला कायमची चिकटवलेली, आणि लांबीला नखाएवढी. आधी तर शाई ओढायलाच मरणाचा वेळ. मग कार्ट्रिजच्या तोंडाशी सुई धरून दट्ट्या दाबला तर शाई वरच अडकून बसली आणि हवा खाली. तोंड एवढंसं, त्यात वरून शाईचं बूच बसलेलं, हवेला बाहेर यायला वाटच नाही. जरा जोर लावला तर फुर्रकन सगळं वर आलं, गॅलरीच्या कठड्यावर, माझ्या चष्म्यावर आणि वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्यावर. सासूबाई सिरिंजा मोजून ठेवतात हे मला माहीत नव्हतं. ते संध्याकाळी कळलं.

त्यातून एवढं शिकले की सुई कार्ट्रिजच्या तळाच्या जवळपास पोचली पाहिजे. बाकी सगळं त्याच्या नंतरचं. सुई तळाकडे नेऊन हळू दाबलं की शाई खालून वर चढते आणि हवा तिच्या पुढे पुढे बाहेर निघते.

तर फोंड्याची फार्मसी. (महाराष्ट्रातल्या वाचकांनो, आमच्याकडे मेडिकल म्हणत नाहीत, फार्मसीच म्हणतात.) या वेळी मी शहाणी झाले होते, बोलण्याआधी रिकामी कार्ट्रिज आणि पेन दोन्ही काउंटरवर ठेवलं. बाईंनी कार्ट्रिज उचलली, उजेडात धरली, तोंडातून आत बघितलं. "पेनांत शाय भरूंक? खरेंच?" मी हो म्हटलं तर हसल्या, म्हणाल्या, "म्हजो पाय टाक वापरतालो," म्हणजे त्यांचे वडील टाक वापरायचे, आणि मग जे विचारलं ते कुणीच विचारलं नव्हतं: आत किती मावतं आणि खोली किती? मग त्यांनी ड्रॉवरमधून एक सुई काढून टोपीसकट कार्ट्रिजला लावून मापली. एवढंच पाहिजे होतं हो दुकानदाराकडून.

चिठ्ठीचं मी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, सिरिंज-सुई कायद्याने औषधांतच धरतात, १९४० च्या औषध कायद्याखाली, आणि २०१८ च्या जानेवारीपासून त्याला मेडिकल डिव्हाइसचे वेगळे नियम आहेत, म्हणून विकणाऱ्याला परवाना किंवा नोंदणी लागते, कुठल्याही गाड्यावर विकता येत नाही. पण चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत ती औषधं म्हणजे शेड्यूल एच वगैरे, त्यात रिकामी सिरिंज येत नाही. म्हणजे मी मागितली यात बेकायदा काही नव्हतं, आणि पणजीच्या त्या मुलाने नाही म्हटलं यातही बेकायदा काही नसावं, दुकान त्याचं. पंजाबात २०१८ साली काही जिल्ह्यांत चिठ्ठीशिवाय सिरिंज विकायला बंदी घातली होती, नशेच्या भानगडीमुळे. आपल्या किनाऱ्यावर रात्री काय चालतं ते आपल्याला काय वेगळं सांगायला पाहिजे का, त्यामुळे त्या मुलाचा मला राग नाही आला. राग आला तो स्टॉक ना म्हणणाऱ्याचा. नाही द्यायची तर तोंडावर सांग ना बाबा, खोटं कशाला.

म्हणून एक सांगते, जाताना कार्ट्रिज घेऊन जा. नुसतं "पेनासाठी" म्हटलं तर थाप वाटते, कार्ट्रिज दिसली की समोरच्याचा चेहरा लगेच बदलतो. आणि "इंजेक्शन द्या" म्हणू नका, "टू सीसी" किंवा "फाइव्ह सीसी सिरिंज" म्हणा (सीसी म्हणजे मिलिच), आणि सुई वेगळी मागा, नंबर सांगून. बिल घ्या. मी घेतलं, सगळं मिळून तीस रुपयांच्या आत आलं, त्यात दोन सिरिंज आणि दोन सुट्या सुया.

टू सीसी घेतली ती डिस्पोव्हॅन ब्रँडची. मापाने ही सगळ्यात बरोबर, एका दमात एक कार्ट्रिज भरून थोडी शाई उरते. पण तिच्यासोबत आली ती २४ नंबरची सुई, जांभळ्या बुडाची, एक इंचाची. सुयांच्या नंबराचं उलटं असतं, आकडा मोठा तेवढी सुई बारीक. २४ मधून शाई येते, पण ओढताना दट्ट्या मागे मागे जातो आणि आत बुडबुडे जास्त, शाई कमी. आणि एक इंच लांबी लामीच्या कार्ट्रिजला पुरत नाही, तळ बराच लांब राहतो. छोट्या इंटरनॅशनल कार्ट्रिज असतात ना, पाऊण मिलिवाल्या, ज्यांच्या तोंडातली गोळी आत पडून खुळखुळते, त्यांना मात्र ही चालेल.

मग बाईंनी दिलेली १८ नंबरची, गुलाबी बुडाची, दीड इंच. ही जाड, सव्वा मिलिमीटरच्या आसपास, शाई सरळ पाण्यासारखी वर येते आणि सुई तळाच्या जवळ पोचते. ही बसवली सिरिंजला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा एक थेंब न सांडता कार्ट्रिज भरली. काठोकाठ नाही भरायची, तोंडाच्या खाली ज्वारीच्या दाण्याएवढी जागा सोडायची, नाहीतर पेनात बसवताना वर येते.

फक्त ही सुई धारदार आहे हो. तिरकं कापलेलं टोक, गोणपाट शिवायच्या दाभणासारखं. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या तर्जनीत घुसली, आणि शाईने भरलेली असल्यामुळे तिथे जो निळा ठिपका पडला तो अजून पुरता गेलेला नाही, गोंदण झालंय. तेव्हा टोक बोथट करणं आलं.

पहिल्यांदा मी सहाणेवर घासायला घेतली. गुळगुळीत काळा दगड, जरासं पाणी, म्हटलं याच्यासारखं दुसरं काय असणार. सासूबाई देवघराच्या दारात उभ्या. "देवाच्या सहाणेर सुई घासता तू?" एवढंच म्हणाल्या, पुढचं सगळं चेहऱ्यावर. इन्शुलिनचं प्रकरण ताजं होतं. मुकाट्याने मागीलदारी गेले, धुण्याच्या दगडाच्या कडेला बसले आणि सुई सरळ उभी धरून, टोक गोल गोल फिरवत, मधे मधे पाणी लावत घासली. पाच-सात मिनिटांत तिरकं टोक जाऊन सपाट झालं. चष्मा लावून करा आणि सुई सिरिंजला जोडून मग घासा, म्हणजे धरायला बरं. घासल्यावर भोकाच्या तोंडाशी धातूचा कपचा वळतो आणि भोक बुजल्यासारखं होतं, त्यात टाचणीचं टोक फिरवलं की मोकळं होतं. मग दोन-तीनदा पाणी ओढून सोडायचं, घासलेली पूड कार्ट्रिजमध्ये गेली तर ती थेट पेनाच्या जिभेत जाऊन बसणार.

हा सगळा उद्योग नको असेल तर बाईंनी आणखी एक सांगितलं, ते मला फारच आवडलं. सलाईन लावताना हाताला जे बसवतात, कॅन्युला, त्याच्यात आतली सुई काढून घेतली की बाहेर नुसती मऊ प्लॅस्टिकची नळी राहते, आणि तिचं बूड सिरिंजच्या तोंडावर बरोब्बर बसतं. २० नंबरची घेतली, तीही गुलाबी, पण सुयांमध्ये गुलाबी म्हणजे १८ आणि कॅन्युलामध्ये गुलाबी म्हणजे २०, हा घोळ कुणी घालून ठेवलाय देव जाणे. लांबी सव्वा इंच, टोचत नाही, वाकते, कार्ट्रिजच्या भिंतीला ओरखडा येत नाही. लिहायला बसले की हातात धरायला हीच सगळ्यात गोड. पण सुईपेक्षा कितीतरी महाग पडते, आणि त्यातून काढलेली ती लांब सुई आपल्या गळ्यात राहते, शिवाय एक चांगली कॅन्युला शाईसाठी फोडायची हे मनाला जरा लागतं. एकदा घेतली, परत घेणार नाही.

मुळातच बोथट अशा सुयासुद्धा असतात, कारखान्यात गोंद, फ्लक्स लावायला वापरतात त्या. फोंड्यातच तिस्कावरच्या मोबाईल रिपेअरवाल्या पोराकडे होत्या, त्याने एक तशीच दिली, पैसेही घेतले नाहीत, आणि कुणासाठी म्हणून विचारलंही नाही! प्रिंटरची शाई रिफिल करायच्या किटमध्येही मिळते म्हणतात. फार्मसीत जायची लाज वाटत असेल तर हा रस्ता धरा.

फाइव्ह सीसीबद्दल. भरायला ही मोठी पडते, दट्ट्या जरा हलला की भस्सकन शाई. पण धुवायला हीच. रिकामी कार्ट्रिज धुताना सुई तळाकडे न्यायची आणि पाणी मारायचं, घाण सगळी वर उसळून बाहेर. पेनाचा निबकडचा भागही असाच पाण्याने धुते मी महिन्यातून एकदा. म्हणून टू सीसी शाईला आणि फाइव्ह सीसी पाण्याला, दोन्ही वेगळ्या, त्यावर परमनंट मार्करने शा आणि पा लिहून ठेवलंय. का, तर त्यांचे स्वतःचे आकडे शाईच्या बोटांनी दोन महिन्यांत पुसले जातात, हा एक दोषच म्हणायचा.

दुसरा दोष रबराचा. नवी असताना दट्ट्या लोण्यासारखा सरकतो, पण ती एकदा वापरून फेकायची वस्तू, आपण तिला महिनोन्‌महिने राबवतो, चौथ्या महिन्यात अडखळायला लागते, धक्का देऊन सरकते आणि मग तोच भस्सकन प्रकार. नवीन आणायची, दहा रुपयांसाठी काय जीव टाकायचा. पावसाळ्यात सुईच्या बुडाशी शाई ओली राहून तिथे बुळबुळीत काहीतरी धरलं होतं एकदा, तेव्हापासून वापरून झाली की लगेच धुऊन, दट्ट्या बाहेर काढून वाळवते. कार्ट्रिजसुद्धा जन्मभर चालत नाही, दहा-बारा वेळा काढघाल केली की तोंड सैल पडतं. माझ्या एका कार्ट्रिजने कदंबच्या बसमध्ये ओकून दाखवलं, पांढरा कुडता होता, पुढे काय सांगू.

शाईचंही एक सांगते, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. आमच्याच शाळेतल्या एका सरांनी माझं बघून हे सुरू केलं आणि दुकानातून दौत आणली ती ड्रॉइंगच्या वॉटरप्रूफ शाईची. दौत तशीच, फळीही तीच, दुकानदाराने दिली, यांनी घेतली. चार दिवसांत पेनाची जीभ अशी चोंदली की कोमट पाण्यात तीन रात्री ठेवूनही सुटली नाही. लेबलवर फाउंटन पेन इंक असं असेल तीच घ्या. मी कॅमलची रॉयल ब्लू वापरते. पाण्याने जाते, मुलांच्या वहीवर थेंब पडला की पसरतो, पण पेन खराब करत नाही. जून-जुलैत आपल्याकडच्या दमट कागदावर शाई फुटते ती फुटतेच, तिथे पेनाचाही दोष नाही आणि सिरिंजचाही नाही.

आणि सुई टाकायचं. घरातली सुई-सिरिंज २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्यात धरली होती, म्हणजे बल्ब, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं यांच्या सोबत. सुक्या कचऱ्यात टाकू नका. आमच्याकडे कचरा वेगळा करायला येणाऱ्या बायका हाताने निवडतात, आणि सुईत शाई होती की आणखी काय हे त्यांना कुठून कळणार, टोचली की त्या बिचाऱ्या घाबरून तपासण्या करत फिरणार. मी फरशी पुसायच्या लिक्विडची जाड बाटली ठेवलीय, त्यात सुया, झाकण घट्ट, वर चिकटपट्टी. भरली की फार्मसीच्या बाईंकडे नेते, त्या सासूबाईंच्या इन्शुलिनच्या सुया घेतात त्याच्यासोबत याही घेतात. हे त्या फुकट करतात. पाचपैकी पाच मला वाटतं यासाठीच द्यावेत.

वजा करायचंच तर अर्धा मार्क. फोन उचलत नाहीत, कार्ड चालत नाही, आणि १८ नंबरची सुई कधी कधी संपलेली असते, मग आठ दिवस थांबा. गेल्या खेपेला गेले तर बाईंनी दोन सुया कागदात गुंडाळून, वर "पेन" लिहून ड्रॉवरमध्ये ठेवल्या होत्या. त्यांच्या मुलीने शाळेत शाईचं पेन मागितलंय म्हणे, कुठलं घेऊ ते मला विचारत होत्या.

दुकान दुपारी एक ते साडेतीन बंद असतं, त्या वेळात जाऊ नका, शटर वाजवलेलं त्यांना आवडत नाही.